तिघांची भट्टी

मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मुलाकडच्या एका आत्याबाईंनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी म्हणालो, "महाळुंग्याला भट्टी चालवतो." बाईंनी पदर सावरला आणि यजमानांकडे बघितलं. त्यांना नेमकी कसली भट्टी वाटली ते मी आजतागायत विचारलेलं नाही, पण पुढ्यातल्या पोह्यांना त्यांनी नंतर हात लावला नाही एवढं खरं. शेवटी मृणालनेच, म्हणजे माझ्या मुलीने, घाईघाईने सांगितलं की बाबा इंजिनिअर आहेत आणि भट्टी स्टीलची आहे. तेव्हा कुठे पोहे संपले.

काम सांगायला सोपं आहे. गाडीतला एखादा गिअर घ्या. त्याचे दाते कापायचे तर स्टील मऊ हवं, आणि कापून झाल्यावर तो वर्षानुवर्षं घासला जाणार म्हणून तेच स्टील कडक हवं. मऊ तुकडा आमच्याकडे यायचा. आम्ही तो कार्बनच्या वायूत नऊशे अंशांवर तासन्‌तास ठेवायचो, मग एकदम तेलात बुडवायचो आणि शेवटी पुन्हा हलकासा शेकायचो, नाहीतर कडक झालेला तुकडा ठिसूळ राहतो. बाहेरची साल कडक, आतला गाभा चिवट. तुकडा जरा काळवंडतो, बाकी बघून काही कळत नाही. कडकपणा मोजायचं यंत्र असतं, पण जुन्या माणसांची खात्री कानशीवर. कानस चावली तर तुकडा कच्चा, घसरली तर पक्का. मीही घरी गेल्यावर विळीच्या पात्यावर कानस फिरवून बघायचो. बायकोला या सवयीचा भयंकर राग होता.

आमची भट्टी तिघांच्या मालकीची होती. जमीन आणि शेड नानाशेठची. नाना महाळुंग्याचेच, जमीन कंपन्यांना देऊन उरलेल्या तुकड्यावर त्यांनी गाड्यांना लागणाऱ्या पोलादी पिना बनवायचा कारखाना टाकला होता. दुसरे कुलकर्णी, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून गिअर कापायला लागलेले, चिंचवडचे, इस्त्रीच्या शर्टातले. तिसरे जाधव, लातूरकडचे. लेथवर ऑपरेटर म्हणून आले आणि पुढे स्वतःच्या दोन मशीन टाकून बुश बनवायला लागले. बुश म्हणजे जाड बांगडीसारखा पोकळ तुकडा. तिघांचाही माल चाकणच्या मोठ्या कंपन्यांना जायचा, तिघांनाही तो कडक करून लागायचा, आणि एकट्याला भट्टी परवडणारी नव्हती. मी तिघांचा पगारी नोकर, भट्टीचा इनचार्ज.

एकट्याला का परवडत नव्हती ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. भट्टी अर्धी भरा नाहीतर पूर्ण, वीज जवळपास तेवढीच जाते. आणि ती सारखी बंद-चालू करता येत नाही, जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेलं तिचं भांडं तडकतं. म्हणजे ती कायम तापलेली हवी आणि कायम भरलेली हवी. कुलकर्णींचे गिअर दांड्यावर ओवून लावले की मध्ये मोठमोठ्या पोकळ्या राहायच्या. तिथे जाधवांचे बुश बसायचे. वरच्या जाळीत नानांच्या पिना उभ्या राहायच्या. वायूला फिरायला जागा ठेवून ही बास्केट भरणं ही माझी कला होती, आणि तिचा मला गर्व होता, अजून आहे. तिघांचा माल नीट लागला की बास्केट अशी दिसायची, जणू एकाच माणसाने एकाच कामासाठी सगळं घडवलंय.

पण गंमत बघा. तिघंही अधूनमधून एकेकटे माझ्या केबिनमध्ये यायचे, खुर्ची ओढायचे आणि तेच सांगायचे. कुलकर्णी म्हणायचे, "माझे गिअर आहेत म्हणून भट्टी चालते. बाकीचं भरताड आहे. असू दे, त्यांचंही पोट आहे." नाना म्हणायचे, "जागा माजी हाय म्हणून हे दोघं हायेत साहेब. चालू द्या, आपलीच मान्सं." जाधव म्हणायचे, "माझे लॉट सगळ्यात जास्त येतेत बगा. मी हात काढला तर हे उघडे पडतील. पन तसं करू नये मानसानं." आपण इतर दोघांना पोसतोय अशी तिघांचीही मनोमन खात्री होती, आणि त्या मोठेपणाच्या भावनेतच ते एकमेकांशी फार चांगले वागायचे. मी कुणाला काही म्हणत नसे. समज चुकीचा असला तरी त्याच्यामुळे भट्टी गरम राहत होती.

आणि वागणं नुसतं वरवरचं नव्हतं. एकदा भर दुपारी ट्रान्सफॉर्मर जळाला. आत कुलकर्णींची अख्खी बास्केट, कंपनीचा तातडीचा माल. भट्टी हळूहळू उतरायला लागली. कुलकर्णींचा चेहरा पांढराफटक पडला होता. नानांनी कुणाला काही न विचारता जीप काढली. त्यांच्या पुतण्याच्या हळदीचा मांडव गावात पडला होता, तिथला जनरेटर त्यांनी सरळ उचलून आणला. मांडवातला बँड आणि पंखे एकदम बंद पडले. नवरदेवाची आई पाठोपाठ रिक्षातून भांडायला आली, अंगावर हळदीचे डाग तसेच. नाना तिला म्हणाले, "वयनी, हळद वाळंल, पन ह्यो माल गेला तर मानूस उठायचा न्हाई." त्या बास्केटमध्ये जाधवांचा एकही बुश नव्हता. तरी जाडजूड केबल खांद्यावर घेऊन चिखलातून ओढत होते ते जाधवच. माल वाचला. कुलकर्णींनी त्या दिवशी जाधवांना मिठी मारली आणि आपला इस्त्रीचा शर्ट काळा करून घेतला.

आमचा एक रिवाज होता. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, भट्टी थंड करायची. आतून-बाहेरून साफ करायची, झेंडूच्या माळा घालायच्या. तिघंही घरच्यांना घेऊन यायचे आणि आपापल्या कारखान्यातला एकेक कच्चा तुकडा भट्टीपुढे ठेवायचे, गिअर, बुश आणि पिन. त्यांना हळदकुंकू लागायचं. दसरा झाला की पहिल्या बास्केटमध्ये हेच तीन तुकडे शेजारी-शेजारी लावायचे, मग बाकीचा माल. पक्के झालेले तुकडे तिघं आपापल्या टेबलावर वर्षभर ठेवायचे. हा रिवाज कुणी सुरू केला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तो चुकवायची कुणाची छाती नव्हती.

मग बॅटरीच्या गाड्या आल्या. त्यांना गिअर कमी लागतात. लगेच काही कोसळलं नाही, पण बास्केट भरायला वेळ लागायला लागला आणि तिघांच्याही कपाळावर आठी बसली. त्याच वर्षीच्या खंडेनवमीला जाधव आले नाहीत.

सकाळी नाना चाकणच्या बाजारात झेंडू आणायला गेले होते. येताना त्यांना एका भट्ट्या बनवणाऱ्याच्या फाटकाशी जाधवांची गाडी उभी दिसली. जाधव गाडीतून उतरून त्या माणसाशी अगदी जवळ उभं राहून बोलत होते. नाना थांबले नाहीत. शेडवर आल्यावर त्यांनी फोन लावला, "जाधवराव, येताय ना?" पलीकडून उत्तर आलं, "नाना, जरा काम निघालं. आज जमत नाही. तुम्ही पूजा उरकून घ्या." नानांनी फोन खिशात टाकला, कुलकर्णींना भट्टीच्या मागे नेलं आणि काय दिसलं ते सांगितलं. भट्टीपुढे त्या वर्षी दोनच तुकडे ठेवले गेले. नानांच्या घरात नवी सून आली होती, तिचा पहिलाच दसरा, पूजा तिच्या हातची होती. ती पोर सारखी विचारत होती, "तिसरं कुठंय?" दसऱ्यानंतरची पहिली बास्केट मी लावली तेव्हा बुशांची जागा रिकामी होती. जाधवांच्या कारखान्याला कुलूप होतं, मालच आला नव्हता.

दहा-बारा दिवसांनी जाधव आले ते नेहमीसारखेच, जरा उतरलेले. ते दारात उभे राहिले आणि नाना कुणाशी तरी फोनवर बोलत बाहेर निघून गेले. कुलकर्णींनी मान हलवली आणि पुन्हा कागदात घातली. जाधवांनी माझ्या माणसांना विचारलं, पहिली बास्केट लागली का. लागली, माणसं म्हणाली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

त्यानंतर पुन्हा ते एकेकटे केबिनमध्ये यायला लागले, पण आता दार लावून. कुलकर्णी म्हणाले, "जाधव स्वतःची भट्टी बसवतोय. तो गेला की नाना ही जागा गोदामाला देतील. मी आधीच बाहेरच्या एका मोठ्या हीट ट्रीटमेंटवाल्याशी बोलून ठेवलंय, तो माझा माल प्राधान्याने करेल. हे तुमच्यातच ठेवा." नाना म्हणाले, "कुलकर्नी त्याच्यासंगं जानार, दोघांचं ठरलंय. मंग ह्या खड्ड्याला मी एकटा काय करू? जागा आदी मोकळी केल्याली बरी. बोलू नका कुटं." जाधव तर रडकुंडीला आले होते. "ते दोघं एक व्हायलेत बगा साहेब. माझ्याबिगर बास्केट लावली. ते इथले, मी बाहेरचा. मला काढायच्या आदी मीच बगतो काय ते. पन तुम्ही कुनाला सांगू नका, तुमच्या पाया पडतो."

तिघांची शपथ माझ्या गळ्यात. शपथ न मोडता करता येण्यासारखं होतं ते मी केलं, तिघांना एका टेबलाशी बसवलं. भजी मागवली. तिघंही तेलाच्या दर्जाबद्दल बोलले, चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या, एकमेकांच्या मुलांची चौकशी केली. शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी सरळ विचारलं, "इथून कुणाला बाहेर पडायचंय का?" तिघंही एका आवाजात म्हणाले, "छे छे!" आणि तिथेच सगळं संपलं. आपण मनात काय ठेवून "छे छे" म्हणालो ते प्रत्येकाला ठाऊक होतं. साहजिकच दुसराही तसाच म्हणाला असणार, असं त्याने धरलं.

महिनाभरात नानांनी जागा मोकळी हवी म्हणून कळवलं. त्याच आठवड्यात कुलकर्णींचे गिअर यायचे बंद झाले. जाधव मला म्हणाले, "बगा, सांगितलं नव्हतं?" नाना आणि कुलकर्णीही मला हेच म्हणाले, अगदी याच शब्दांत. तिघांचेही अंदाज शेवटी खरे ठरले होते, त्यामुळे आपण चुकलो असं कुणालाच वाटलं नाही. क्रेन आली. खड्ड्यातून ते लाल-काळं भांडं वर आलं आणि भंगाराच्या ट्रकमध्ये पडलं. माझी माणसं लहान मुलांसारखी रडली. मीही रडलो, वयाची लाज न बाळगता.

मृणाल एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मी घरी बसून कुढायला लागलो तेव्हा तिने एका लग्नपत्रिकेच्या मागे तीन गोल काढले. म्हणाली, "बाबा, आमच्याकडे याचं शास्त्र आहे. एकटा राहिला तर प्रत्येकाला काय मिळेल, दोघं एकत्र आले तर काय, तिघं आले तर काय, हे मांडायचं. मग अशी वाटणी शोधायची की कुणालाच बाहेर पडावंसं वाटणार नाही." आम्ही मांडलं. एकटा गेला तर तोटा. दोघं गेले तर जेमतेम. तिघं राहिले तर सगळ्यांचं भलं, मंदीतसुद्धा. तिच्या हिशेबाने आमची भट्टी तुटायलाच नको होती.

"मग तुटली कशी?" मी विचारलं.

"या मांडणीत बाहेर काय मिळेल ते सगळ्यांना खरं-खरं माहीत असतं. तुमच्या तिघांनी मनात वेगळंच धरलं होतं. आपलं वजन जास्त धरलं आणि बाकीच्या दोघांची जोडी जमली असं धरलं. माणूस बाहेर पडतो तो मनातल्या हिशेबावर."

"पण आपणच सगळ्यांना पोसतोय असं तर ते पहिल्यापासून धरून होते. तेव्हा नाही तुटली."

ती हसली. "चुकीचा समज कधी कधी माणसांना बांधूनही ठेवतो, बाबा. बाहेरची परिस्थिती आहे त्याहून वाईट वाटत असेल तर वाईट जोडीसुद्धा वर्षानुवर्षं टिकते."

"म्हणजे लग्नं," मी म्हणालो. आतून बायकोने ऐकलं आणि भांडं आपटलं. पण मला हसू टिकवता आलं नाही. चांगल्या दिवसांत तिघं ज्या समजुतीवर टिकले, त्याच समजुतीने वाईट दिवसांत त्यांना वाटलं की आपलं एकट्याचंही निभेल. कुणाचंच निभलं नाही. बाहेरच्या मोठ्या भट्टीवाल्याकडे कुलकर्णींचा माल आठवडेच्या आठवडे रांगेत पडायचा. त्यांनी मशीन विकल्या. नानांना गोदामाचं भाडं मिळतं, पण दिवसभर ते त्या गोदामाच्या वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसतात. आणि जाधवांचा कारखाना बंद पडला.

हल्ली आठवड्यातून दोन दिवस मी चाकणला एका आयटीआयत शिकवायला जातो. एका सकाळी चौकात कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या रांगेत मला जाधव दिसले. निळा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र. एके काळचा मालक पोरासोरांमध्ये डबा घेऊन उभा होता. मला बघून ते रांग सोडून आले. इन्स्पेक्शनला असतो म्हणाले, पहिली पाळी. बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं, "जाधव, भट्टी बसवायला निघाला होतात, तर मग बसवली का नाही?"

"कसली भट्टी?"

खंडेनवमीला भट्ट्या बनवणाऱ्याच्या फाटकाशी नानांना दिसलेली गाडी मी सांगितली. जाधवांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "साहेब, तो भट्टीवाला आमच्या भावकीतला हाय. त्या दिवशी सकाळी गावाकडं माझी चुलत वहिनी वारली. मी त्याला संगं घ्यायला थांबलो होतो. आमा दोघांना सुतक पडलं. सुतकात पूजेला कसं यायचं?"

"पण फोनवर सांगायचं की हो!"

"सनाचा दिवस. नानाच्या सुनंचा पहिला दसरा, पूजा तिच्या हातची. त्या पोरीच्या कानावर अशी बातमी कशाला घालायची? म्हटलं, आल्यावर सांगू." त्यांनी डबा पुन्हा उचलला. "आलो तर कुनी विचारलंच नाही. बास्केट लावून मोकळे झालते. म्हटलं, ह्यांना आपन नकोच होतो. मग काय सांगायचं?"

बस आली आणि ते गेले. पुढच्या खेपेला त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत बुश होता, तेल लावून जपलेला. त्या खंडेनवमीसाठी काढून ठेवलेला. "पुढच्या वर्षी ठेवू म्हटलं होतं. आता तुमच्याकडंच राहू द्या," ते म्हणाले. आयटीआयला त्या दिवशी मी गेलो नाही. कुलकर्णींना फोन करून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं महाळुंग्याला नानांकडे गेलो.

नाना गोदामाच्या सावलीत बसले होते. ती सावली आमच्या खड्ड्यावरच पडते. मी सगळं सांगितलं. नानांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "सुतक व्हतं व्हय? माज्या सुनंसाटी गप बसला त्यो?" कुलकर्णींनी बुश हातात घेतला. खिशात किल्ल्यांच्या जुडग्याला त्यांची छोटी कानस अजून होती. सवयीनेच त्यांनी ती बुशावर टेकवली. कानस चावली आणि काळसर तेलाखाली पांढरी रेघ उमटली. त्यांनी लगेच हात मागे घेतला आणि ती रेघ अंगठ्याने पुसायला लागले. "कच्चाच आहे," ते म्हणाले.

नानांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्यांनी फोन खाली ठेवला. "उचलत न्हाई. राग हाय त्याच्या मनात. आपल्याशी बोलायचं न्हाई त्याला."

"साहजिक आहे," कुलकर्णी म्हणाले.

"नाना," मी म्हणालो, "तो पाळीवर आहे. कंपनीत फोन गेटवर जमा करून घेतात. तीन वाजता सुटेल."

दोघांनीही आधी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. मग कुणी घरी गेलं नाही. नानांच्या सुनेने तिथेच आणून जेवायला वाढलं, फारसं कुणी जेवलं नाही. तीन वाजून गेल्यावर नानांनी पुन्हा फोन लावला. या वेळी तो उचलला गेला. नाना उठून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"जाधवराव," ते म्हणाले, "तुमची वयनी वारली म्हनं. आमाला आज कळलं. आमी तिघं भेटाया येतो."

पलीकडून कंपनीच्या गेटवर लागलेल्या बसचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.